पालमची सोयरिक आणि शिशाचा पट्टा

सन एकोणीसशे सत्याऐंशी. साल मी छातीठोकपणे सांगते, कारण त्या एकाच साली आमच्या गंगाखेडच्या घरात गॅसची शेगडी आली आणि आमचे हे दारुडे झाले. शेगडीचं कौतुक लोक महिन्याभरात विसरले.

हे म्हणजे दिनकरराव. शाळेत भूगोल शिकवायचे. अंगात खादीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, तोंडात लवंग, आणि दर दोन ऑक्टोबरला दारूबंदीच्या प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढे. चहासुद्धा मोजकाच, तोही बशीत ओतून. त्या बशीनेच घात केला. पन्नाशी ओलांडल्यावर ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर ठेवला तर गरीब गाईसारखा पडून राहायचा, पण काही धरायला, ओतायला किंवा लिहायला गेला की पिंपळाचं पान. फळ्यावर भारताचा नकाशा काढायला लागले की कोकणचा किनारा फार हुबेहूब यायचा, सगळ्या खाड्यांसकट. पुढे ओरिसापर्यंत तो तसाच जायचा, एवढाच दोष.

डॉक्टर म्हणाले, "वयोमान. काळजी करू नका." काळजी आम्ही करत नव्हतोच, ती गाव करत होतं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बशीतला चहा ह्यांच्या पायजम्यावर सांडला, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस हसून म्हणाला, "सर, आज सकाळीच का?" बस्स. एवढं एक वाक्य गंगाखेडला पुरलं. आमच्या मंदाला जिंतूरहून आलेलं स्थळ पंधरवड्यात परत गेलं. निरोप आला, "मुलगी पसंत आहे, पण वडिलांच्या सवयीबद्दल कानावर आलं."

ज्या माणसाने होळीला भांगेचं पानही हुंगलं नव्हतं, त्याला हा निरोप! हे दोन दिवस लवंग तेवढी चघळत राहिले.

मग शेजारच्या तानुबाईंनी पालमचं स्थळ आणलं. त्यांची नणंद तिकडे दिलेली. मुलगा शेतकी खात्यात. पाहायला आला, दोन प्रश्न विचारले आणि गेला. मी मंदाला विचारलं, "काय गं?" आधीच्या दोन मुलांना नाकं मुरडणारी आमची मंदा मान वर न करता म्हणाली, "चालेल." आणि संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना गुणगुणत बसली. काच इतकी स्वच्छ आमच्या घरात त्याआधी कधी झाली नव्हती. ते 'चालेल' मोडू द्यायचं नाही, हे मी त्याच वेळी ठरवलं.

आता बैठक व्हायची होती. आमच्याकडे रीत अशी की बैठकीला मुलीच्या बापाने व्याह्याला पहिला चहा स्वतःच्या हाताने द्यायचा, आणि सगळं जमलं की सगळ्यांसमोर अडकित्त्याने सुपारी फोडायची. सुपारी फुटली की सोयरिक पक्की. म्हणजे दोन्ही कामं उजव्या हाताची.

"आन् पोराचा मामा सटवाजी लय बारीक नजरेचा हाय, सुमनबाई," तानुबाई म्हणाल्या. "त्याच्यापुढं मास्तरांचा हात हलला की बसला शिक्का."

तेव्हा ओसरीवर ह्यांचे शाळेतले सोबती दत्तराव बसले होते. गणित शिकवायचे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या सभांमध्ये भाषणं करायचे, त्यामुळे सरळ बोलायची त्यांना खोडच होती. ते म्हणाले, "सर, सांगून टाका की. आजार हाय, दारू न्हाई. मी येतो सांगायला."

"येडे हाव का गुरुजी?" तानुबाई उसळल्या. "दारू परवडली! आजार म्हनलं की घराण्यात धरत्यात. उद्या पोरीचा हात हलला तर, म्हनून पोरगी नाकारत्यात."

माझ्या सासूबाईंचा हात असाच थरथरायचा. पण बाईच्या हाताकडे कोण पाहतं? पोळी गोल आली की झालं.

हात हलता कामा नये, एवढाच मग प्रश्न उरला. त्यावर उपाय सापडला तो मला, आणि हे मी आजही नम्रपणे नमूद करते. हे विहिरीवरून भरलेली बादली आणायचे तेव्हा हात मुळीच हलायचा नाही. रिकामा पेला धरला की नाच सुरू. म्हणजे हाताला वजन हवं होतं! बादली घेऊन बैठकीत बसता येत नाही, हे मलाही कळत होतं. म्हणून मी जुन्या खाकी चड्डीच्या कापडाचा मनगटाला बांधायचा पट्टा शिवला, त्याला कप्पे केले आणि त्यांत ज्वारी भरली.

हात चांगला तिसरा हिस्सा थांबला. पण दुसऱ्याच दिवशी एक टाका उसवला आणि हे शाळेत पोहोचले ते मागे चार कोंबड्या घेऊन. शिपायाने हाकलल्या तर त्यांच्यामागचा एक कोंबडा ह्यांच्या वर्गातच शिरला. "सर, हा कोणत्या प्रदेशात आढळतो?" असं एका कार्ट्याने विचारलं म्हणे.

मग मी घाटावर गेले. आश्रुबा भोई जाळं वाळवत बसला होता. जाळ्याच्या कडेला ज्या शिशाच्या गोळ्या असतात, तसल्या ओंजळभर मागितल्या.

"मास्तरीनबाई, मासे धरायला लागल्या की काय?"

"हात धरायचाय," मी म्हणाले. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने गोळ्या दिल्या आणि डोक्याला हात लावून 'राम राम' केला.

शिशाचा पट्टा मात्र जमला. हे चमच्याने औषध ओतायला लागले, ओळ सरळ यायला लागली. आता ह्या यंत्रात एकच खोड होती. दिवसभर ते वजन वागवून संध्याकाळी पट्टा सोडला की हात आपोआप वर जायचा, जसा काही हातालाच वाटायचं की सुटलो एकदाचा. घरात आम्ही हसलो. पण शिसं मनगटाला रुतलं म्हणून ह्यांनी एकदा शिक्षकांच्या सभेतच टेबलाखाली पट्टा सैल केला. त्याच क्षणी मुख्याध्यापक विचारत होते, "कुटुंब नियोजनाच्या केसेस आणण्याचं काम स्वखुशीने कोण घेतं?" सगळे जमिनीकडे पाहत होते. एकच हात वर होता.

"शाबास दिनकरराव!" मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे काही आठवडे हे रोज संध्याकाळी लोकांच्या दारात उभे राहून, दोन मुलं पुरेत, असं सांगत होते. एका बाईने तर, "आमचं तिसरं तुमच्या पट्टीनं मारून अर्धं झालंय, मास्तर," असं सुनावलं.

एवढं झालं तरी ह्यांच्या मनातून जिंतूरचा निरोप जात नव्हता. बैठकीत कोणी विषय काढलाच तर हातात काहीतरी सरकारी असावं, असं त्यांना वाटे. म्हणून मनगटाला पट्टा बांधून, वर पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हे परभणीला निघाले, आपण दारू पीत नाही असा दाखला आणायला.

त्या दिवशी परभणीत नामांतराचा मोर्चा होता. चौकाचौकात बंदोबस्त. एका हवालदाराने ह्यांच्या बाहीवरचा फुगवटा पाहिला.

"हे काय बांधलंय?"

"वजन."

"कशापायी?"

"हात हलू नये म्हणून."

"मग खिशात घाला की!" हवालदार म्हणाला. पट्टा दाबून पाहिला, आत गोळ्या लागल्या आणि त्याचा चेहरा बदलला. "गोळ्या? साहेब, इकडं या!" त्यापुढे बराच वेळ हे एका झाडाखाली उभे होते आणि साहेबांसमोर एकेक गोळी मोजली जात होती. शेवटी मोर्चातून दत्तराव धावत आले. "अहो, हे आमचे भूगोलाचे सर हायेत! गोळ्या जाळ्याच्या हायेत!" तेव्हा सुटका झाली.

"दत्तराव, तुमच्या मोर्चात माझ्यामुळे खोळंबा झाला," हे म्हणाले.

"आमाला खोळंब्याची सवय हाय, सर," दत्तराव म्हणाले.

दारूबंदी खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने ह्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "पिण्याचा परवाना पायजे का? मिळतो."

"न पिण्याचा पाहिजे."

"तसा फॉर्मच न्हाई. पिनाऱ्याला कायद्यानं परवाना लागतो. न पिनाऱ्याला कशाला लागंल?"

"पण मी पीत नाही हे सिद्ध कसं करायचं?"

कारकून विचार करून म्हणाला, "आधी परवाना काढा. मग रद्द करायचा अर्ज द्या. रद्द झाल्याचा कागद मिळतो." हे उठून आले. एवढ्या वर्षांत सरकारने ह्यांना दिलेला तो सगळ्यांत उपयोगी सल्ला होता, असं दत्तरावांचं मत पडलं.

बैठक जवळ आली तशी आणखी एक अडचण झाली. पट्ट्याची बातमी आळीत पसरली, आणि आमची आळी काही नुसतं बघत बसणारी नव्हे. तानुबाई तांब्याचं कडं घेऊन आल्या, "ह्यानं माझ्या सासऱ्याचा संधिवात गेला." सासरेही गेले होते, पण ते कड्यानंतर की आधी हे मी विचारलं नाही. स्थळ त्यांनीच आणलेलं, त्यामुळे कडं पट्ट्याला शिवावंच लागलं. कुणाकडून घोड्याच्या नालेची अंगठी आली, कुणाकडून दर्ग्याचा धागा. आणि शेवटी आला बन्सीधर. लग्नसराईत लाउडस्पीकर लावायचा, एरवी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने फुटक्या भोंग्यातला वाटीएवढा लोहचुंबक काढून आणला होता.

"काकू, चुंबकानं रगत सरळ वाहतं. मोठ्या दवाखान्यात हेच करत्यात."

"अरे, जड होतोय पट्टा."

"मंदाताईच्या लग्नाला मंडपात भोंगे मीच लावनार हाय ना?" तो एवढंच म्हणाला. चुंबकही शिवला.

बैठकीचा दिवस उजाडला. वैशाखाचं ऊन, आणि आमच्या गावाच्या रीतीप्रमाणे नेमकी वीज गेलेली. पालमहून तिघं आली: मुलाचे वडील व्यंकटराव, सावकाश बोलणारे, भले गृहस्थ, मुलाचे मामा सटवाजी, पिळदार मिशांचे, आणि मुलाची आत्या कडूबाई, जिच्या नजरेतून आमच्या कोनाड्यातली धूळही सुटली नाही. तानुबाई मध्यस्थ म्हणून दारात बसल्या, दत्तराव आमच्या बाजूने. सगळे पंचे, पदर, वर्तमानपत्रं हलवत होते. फक्त आमचे हे मनगटापर्यंत बटणं लावलेल्या पूर्ण बाह्यांत, दस्तीने कपाळाचा घाम पुसत.

"सर, बाह्या सारा की वर," सटवाजी म्हणाले. "घरचेच हावोत आमी."

"सवय आहे," हे म्हणाले. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकला.

मी चहाचा ट्रे नेला. मोराचं चित्र असलेला पत्र्याचा ट्रे, आमच्या घरातला सगळ्यांत देखणा. ह्यांनी कपबशी उचलली. काठोकाठ भरलेला कप. बशीत एक थेंब नाही! तो व्यंकटरावांच्या हातात गेला आणि मी दाराआड डोळे मिटले. माझ्या यंत्राने मंदाचं 'चालेल' पार नेलं होतं.

डोळे उघडले ते भांड्यांच्या आवाजाने. दुसरा कप घ्यायला ह्यांनी हात खाली नेला होता, आणि ट्रे त्यांच्या मनगटाला येऊन चिकटला होता. चुंबकाने आपलं काम चोख बजावलं होतं. हे हात मागे घ्यायचे, ट्रे मागे यायचा. कप घसरत निघाले. दत्तरावांनी दोन पकडले, तिसरा मोराच्या पिसाऱ्यावर आडवा झाला. शेवटी त्यांनीच ट्रे ओढून सोडवला.

कडूबाई उठून सरळ आत आल्या, माझा दंड धरला. "बाई, खरं सांगा. बाहीखाली काय लपवायलाव? कोड हाय का?"

अंगावर पांढरे डाग आले म्हणून माणसाचं काहीही बिघडत नाही, पण त्या काळी सोयरिकीत तो एक डाग सगळ्या घराण्यावर पडायचा. आम्ही दारूचा आळ चुकवायला बाही घातली, आणि बाहीने त्याहून मोठा आळ आणला. बाहेर सटवाजी हेच जरा सभ्य शब्दांत विचारत होते. "सर, राग मानू नगा. उन्हाळ्यात असं मनगट झाकून कुनी बसत न्हाई."

मग मी जे केलं ते त्याआधी आमच्या घरात कोणत्याही बाईने केलं नव्हतं. पदर खोचला, चार पुरुषांत गेले, ह्यांच्या पुढ्यात बसले आणि बाहीची बटणं सोडली. पट्टा सोडला. शिसं, तांबं, नाल, धागा, चुंबक असा तो सगळा ऐवज सतरंजीवर धप्पकन पडला. आणि सुटलेला हात, सकाळपासून ते ओझं वागवलेला, भर्रकन वर गेला आणि सटवाजींची टोपी उडवून हवेतच थरथरायला लागला.

सगळ्यांनी हात नीट पाहिला. एकसारखा गव्हाळ. डाग म्हणून नाही.

"हात्तिच्या!" कडूबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "नुसतंच थरथरायलंय की! आमी म्हनलं काय की काय!"

सगळे हसले. मीही हसले. मग व्यंकटरावांनी कप खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "सर, हे तुमच्या घराण्यातच हाय का?"

तानुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे. सासूबाईंचा हात आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर होता. खरं बोलायची ह्यांना फार वाईट खोड. तोंड उघडलंच होतं त्यांनी.

"घराण्यातलं कशाचं, भावजी!" सटवाजी टोपी झटकत मध्येच म्हणाले. "मी आल्या आल्याच वळखलं. जिंतूरवाल्यांनीबी सांगितलंच होतं की. सर, किती वर्सं झाले घ्यायलाव?"

दत्तराव ताडकन सरळ झाले. "मामा, आमचे सर—"

ह्यांनी डावा हात दत्तरावांच्या गुडघ्यावर ठेवला. ते आतल्या दाराकडे पाहत होते. तिथे पडद्याखाली मंदाची पावलं दिसत होती. दोन्ही अंगठे एकमेकांवर दाबलेले.

"झाली असतील... आठ-दहा," हे म्हणाले.

"रोज?"

"नाही, नाही. सणासुदीला."

"देशी का विलायती?"

ह्यांनी आयुष्यभर खादी वापरलेली. "देशीच," ते ठामपणे म्हणाले. त्या चौकशीत न अडखळता दिलेलं हे एकच उत्तर.

"बगा!" सटवाजींचा चेहरा उजळला. "सकाळी जरा घेतली की थांबतंय, न्हाई का? माझंबी तसंच हाय."

व्यंकटरावांनी सुस्कारा सोडला. "पितेत तर पितेत. पिऊन कुनाच्या दारात पडले असं तर ऐकलं न्हाई. हे पोरीला लागनारं न्हाई. फोडा सुपारी."

अडकित्ता सापडेना. तो पट्ट्यातल्या चुंबकाला जाऊन चिकटला होता. दत्तरावांनी तो खसकन ओढून काढला, ह्यांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. थरथरत्या हाताने ह्यांनी सुपारी फोडली. एक खांड सटवाजींच्या मांडीवर उडालं आणि ते त्यांनी मोठ्या आपुलकीने उचलून तोंडात टाकलं.

लग्न झालं. बन्सीधरचे भोंगे लागले. त्यातला एक घरघरत होता, कारण त्याचा चुंबक आमच्याकडे राहिला होता. पंगत उठल्यावर सटवाजींनी ह्यांना बाजूला नेऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत घातलं आणि डोळा मारला. पुढे दर दिवाळीला तसलं एक पुडकं पालमहून यायचं. त्या साली दोन ऑक्टोबरला प्रभातफेरी निघाली तेव्हा हे पुढे गेले नाहीत. मुलांच्या मागे, शेवटच्या रांगेत चालले. मी म्हणाले, "तुम्ही थोडीच पिता?" तर म्हणाले, "सांगितलं तर आहे ना."

आता कोण कुठे आहे ते सांगते. तानुबाईंनी पुढे बरीच लग्नं जमवली आणि प्रत्येकात ते तांब्याचं कडं देऊ केलं. बन्सीधरने टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, आता मुलगा मोबाइल विकतो. आश्रुबाने गोळ्या परत मागितल्या नाहीत. गोदावरीत मासेच कमी झाले, जाळं तसंच वळचणीला राहिलं. व्यंकटराव नातवाचं बारसं पाहून शांतपणे गेले. कडूबाई नव्वदीच्या आहेत आणि अजून कोनाड्यातली धूळ दाखवतात.

दत्तरावांनी प्रभातफेरीत ह्यांची जागा घेतली, पण दर वर्षी कुरकुर करत. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा ते पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आमच्याकडे आले. ह्यांनी दत्तरावांना भरवायला पेढा घेतला आणि हात इतका हलत होता की तो दत्तरावांच्या तोंडापर्यंत जाईना. दत्तरावांनीच मान पुढे केली. "विद्यापीठाचं नाव बदलायला सोळा वर्सं लागली, सर," ते म्हणाले. "तुमचं एका चहात बदललं." आणि दोघं म्हातारे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

हे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. तेराव्याला सटवाजी काठी टेकत आले, भिंतीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडले. "लय दांडगा मानूस," ते सगळ्यांना सांगत होते. "एवढं घेतलं जन्मभर, पन कधी तोल गेल्याला पाह्यला न्हाई. आमच्यात असा दुसरा झाला न्हाई." माळ्यावर दिवाळीची सगळी पुडकी ओळीने तशीच होती. मी वर पाहिलं नाही.

मंदाचा हात गेल्या दोन वर्षांपासून हलायला लागला आहे. तिच्या धाकट्याचं लग्न ठरायचं आहे, पाहुणे येत-जात असतात. परवा आली होती, चहा ओतताना बशीत सांडला. मी म्हणाले, "कपाटात तो पट्टा आहे अजून. चुंबक काढून देते."

मंदा बशीतला चहा कपात ओतत हसली. "पट्टा कशाला, आई? कुणी विचारलं तर सांगेन, सणासुदीला घेते. देशीच."